फॉर्मॅट मारायच्या आधी : मोबाइलवरच्या जाहिराती आणि पाळत बंद करायची कशी

"बाळा, माझ्या फोनात तेरा व्हायरस शिरलेत."

काउंटरपाशी दांडिया बाजारातल्या काकू उभ्या. पिशवीतून फोन निघाला तो रुमालात गुंडाळलेला. रुमाल सुटला तर व्हायरस गल्लीभर पसरतील, अशा बेताने त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. मी विचारलं, "तेरा कोणी मोजले?"

"फोनच सांगतोय की. सकाळपासून चारदा सांगून झालं. वर बॅटरी फुटेल म्हणतोय."

बडोद्याला रावपुऱ्यात मरीमातानो खांचो आहे. खांचो म्हणजे आपली गल्ली, आणि ही गल्ली मोबाइलवाल्यांची. तिथे आमचं रिपेअरिंगचं काउंटर. दुकान म्हणावं एवढी जागा नाही. दोन स्टुलं, एक मायक्रोस्कोप, एक हॉट एअर गन आणि एक पंखा. तो पंखाही बोर्डावर काम चालू असताना बंद ठेवावा लागतो, नाहीतर मोहरीएवढा पार्ट उडून समोरच्याच्या चहात पडतो. डिस्प्ले, चार्जिंग जॅक, बॅटरी ही आमची रोजची भाजी-भाकरी. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा कितीतरी दिवस नुसते भिजलेले फोन उघडत बसलो होतो. पण एरवी काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच : "भाई, फोन बहु हँग थाय छे, एड बहु आवे छे."

आधी एक कबुली देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत असा फोन आला की मी सरळ फॉर्मॅट मारून द्यायचो आणि २०० रुपये घ्यायचो. पंधरा दिवस फोन चकाचक. मग तोच माणूस, तोच फोन, तीच तक्रार. एकदा एका आजोबांचा फोन असाच पुसला आणि त्यात त्यांच्या नातवाचे बोबडे व्हॉइस मेसेज गेले. बॅकअप आहे का हे मी विचारलं होतं, त्यांनी "हो हो" म्हटलं होतं, बॅकअप म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी भांडण केलं नाही. नुसते स्टुलावर बसून राहिले. तेव्हापासून फॉर्मॅट शेवटी, आणि शेवटपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

खाली लिहितोय ते मी काउंटरवर ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने. क्रम मोडू नका. बहुतेक लोक व्हिडिओ बघून शेवटची पायरी आधी करतात आणि मग माझ्याकडे येतात.

आपणच आत घेतलेले

काकूंचा फोन हातात असतानाच 'टिंग' झालं. लाल गोल, त्यात उद्गारचिन्ह, "१३ व्हायरस सापडले, आत्ता साफ करा." मी त्यावर बोट दाबून धरलं. दाबून धरलं की ते नोटिफिकेशन कुणी पाठवलं त्याचं नाव दिसतं. वर क्रोम, आणि बाजूला एका साइटचं नाव. नाव म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी अक्षरं.

"काकू, हा व्हायरस नाही. ही एका साइटची नोटिफिकेशन आहे. आणि तिला परवानगी तुम्ही दिलीय."

"मी? मी कशाला देईन?"

दिली होती. पंचांग बघता बघता मध्येच एक पडदा आला होता, "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा." काकूंनी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलंय. आपण रोबोट नाही हे दाखवायला त्यांनी तत्परतेने अलाउ दाबलं. त्या एका दाबण्याने त्या साइटला काकूंच्या फोनवर कधीही टिंग करायचा परवाना मिळाला, ब्राउजर बंद असला तरी.

उपाय दोन मिनिटांचा. क्रोम उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर बोट, सेटिंग्ज, खाली सरकवत साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. अलाउ केलेल्या साइटींची यादी दिसेल. जी ओळखीची नाही तिच्यावर टॅप करून बंद करा. काकूंच्या यादीत अकरा नावं होती, त्यातलं एकही त्यांना ओळखता आलं नाही. मग त्याच पानावर सगळ्यात वरचं मुख्य बटणही बंद केलं, म्हणजे यापुढे कुठली साइट विचारणारच नाही. मेल आणि व्हॉट्सॲपची नोटिफिकेशन त्यांच्या ॲपमधून येते, तिला यामुळे काही होत नाही. हा प्रश्न दर वेळी विचारला जातो म्हणून लिहिलं.

तिथून एक पायरी मागे या. साइट सेटिंग्जमध्येच 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' असतं, ते बंद पाहिजे. 'इंट्रूझिव्ह ॲड्स' असतं, तेही बंद. आणि थर्ड-पार्टी कुकीजचा पर्याय दिसला की ब्लॉक करा. कुकीचं पुढे सांगतो.

आता एक परीक्षा. ब्राउजर उघडलेलाही नाही, आणि फोन उघडताच किंवा नुसत्या होम स्क्रीनवर पडदाभर जाहिरात येते? मग दोष ब्राउजरचा नाहीच. फोनमध्ये कुठलंतरी ॲप घुसलंय. टॉर्च, क्लीनर, वॉलपेपर, फुकटचा स्कॅनर, बहुतेक वेळा यातलंच एखादं. जाहिरात पडद्यावर असतानाच रीसेंटचं बटण दाबा, म्हणजे चौकोनाचं. जिथे बटणंच नाहीत तिथे खालून वर बोट ओढून थांबा. सगळ्यात पुढे जे कार्ड दिसेल त्यावर चोराचं नाव. कधी कधी कार्डावर नावही नसतं, चित्रही नसतं, नुसती पांढरी जागा. अशा वेळी सेटिंग्जमध्ये ॲप्स, स्पेशल ॲक्सेस, 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' अशी वाट आहे. ज्यांना दुसऱ्यांच्या डोक्यावर चढायची परवानगी आहे त्यांची यादी तिथे सापडते. टॉर्चला ही परवानगी कशाला लागते? काढून टाका. टॉर्च फोनमध्ये आधीच असते.

एवढ्यावरच काउंटरवरचे निम्मे लोक बरे होऊन घरी जातात. मी याचे पैसे घेत नाही. घेतले तर टेम्पर्ड ग्लास लावायचे.

एका पानामागून किती जण येतात

उरलेल्या निम्म्यांना पानाच्या आतल्या जाहिराती छळतात. वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो, बंद करायची फुली जिऱ्याएवढी, आणि ती दाबायला जावं तर जाहिरातच उघडते.

हे होतं कसं ते काकूंना मी सेव-उसळीवरून सांगितलं. तुम्ही घरी सेव-उसळ मागवली. पोऱ्या डबा घेऊन आला. पण त्याच्या मागून आणखी तीस जण घरात शिरले. एक तुमच्या चपला मोजतोय, एक फ्रिज उघडून बघतोय, एक भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसची तारीख वाचतोय, आणि दोघं दारात उभे राहून बोली लावताहेत की या बाईंना कुकर कोण विकणार. वेबपानाचं असंच असतं. मजकूर एका ठिकाणाहून येतो, पण त्या मजकुरातच फोनला हुकूम असतात : इथून जाहिरात आण, तिथून मोजणीची स्क्रिप्ट आण, अमक्याकडून टिंबाएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र आण. ते चित्र बघायचं नसतंच. तुमच्या फोनने ते मागितलं, एवढीच नोंद त्यांना हवी असते. बोली खरोखर लागते, आणि पान उघडेपर्यंत उरकलेलीही असते.

कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउजरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. नेटस्केप या जुन्या ब्राउजर कंपनीतल्या लू मोन्टुली या माणसाने ती १९९४ मध्ये काढली, साइटला गिऱ्हाइक आठवावं म्हणून. वाण्याच्या खात्यासारखी सोय. पुढे त्या तीस उपऱ्यांनीही आपापल्या चिठ्ठ्या ठेवायला सुरुवात केली. आज पंचांगाच्या पानावर ठेवलेली चिठ्ठी उद्या तोच उपरा भाजीच्या रेसिपीच्या पानावर वाचतो. म्हणून काल बघितलेला कुकर आज सगळीकडे भेटतो. लोकांना वाटतं फोन आपलं बोलणं ऐकतो. त्याला ऐकायची गरजच पडत नाही.

ॲडब्लॉकर काय करतो, तर दारावर वॉचमन बसवतो. वॉचमनच्या हातात वही, वहीत ज्यांना सोडायचं नाही त्यांची नावं. डब्याच्या पोऱ्याला आत, बाकीच्यांना परत. या वह्या जगभरातले लोक मिळून लिहितात. सगळ्यात जुन्यांपैकी एक ईझीलिस्ट, २००५ पासूनची. पाळत ठेवणाऱ्यांसाठी तिची जोडीदार ईझीप्रायव्हसी. वही चांगली तर वॉचमन चांगला.

(मध्येच एक : इनकॉग्निटोने हे थांबत नाही. कॉलेजची पोरं शपथेवर सांगतात की थांबतं. इनकॉग्निटो तुमच्या फोनवर हिस्ट्री ठेवत नाही, एवढंच. घरच्यांपासून लपतं, साइटपासून नाही.)

माझी पसंती

असा वॉचमन बहुतेकदा एक्स्टेन्शन म्हणून येतो, म्हणजे ब्राउजरला वरून जोडायची पुरवणी. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाही. कितीही शोधा, सापडणार नाही. म्हणून ब्राउजर बदलावा लागतो, आणि इथे लोक अडतात. "क्रोम काढू?" काढू नका. राहू दे. दुसरा शेजारी टाका आणि त्याला डिफॉल्ट करा.

माझ्या स्वतःच्या फोनवर फायरफॉक्स हा ब्राउजर आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हा वॉचमन. प्ले स्टोअरमध्ये शोधताना एक गंमत लक्षात ठेवा : पहिला निकाल बहुतेक वेळा 'स्पॉन्सर्ड' असतो, म्हणजे जाहिरात. जाहिराती थांबवायचं औषध घ्यायला निघालात तरी दारात जाहिरातच उभी. फायरफॉक्सच्या नावाखाली मोझिला लिहिलंय का बघा, मगच इन्स्टॉल.

उघडल्यावर तीन टिंबं, त्यात एक्स्टेन्शन्स. यादीत यूब्लॉक ओरिजिन दिसेल, शेजारच्या अधिकच्या चिन्हावर बोट. फायरफॉक्स परवानग्या वाचून दाखवेल, 'ॲड' करा. झालं. खरंच एवढंच. नाव मात्र पूर्ण बघा. नुसतं 'यूब्लॉक' वेगळं. रेमंड हिल नावाच्या प्रोग्रामरने २०१४ मध्ये मूळ काम सुरू केलं, २०१५ मध्ये ते नाव दुसऱ्यांकडे राहिलं आणि त्याने आपलं काम 'ओरिजिन' जोडून पुढे चालवलं. हा माणूस देणगीसुद्धा घेत नाही. आमच्या गल्लीत हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही, काहीतरी धंदा असणारच म्हणतात.

आता नेहमीच्या बातम्यांची साइट उघडा, आणि पान उघडल्यावर पुन्हा तीन टिंबं, एक्स्टेन्शन्स, यूब्लॉक ओरिजिन. मोठं निळं पॉवरचं बटण दिसेल, आणि या पानावर किती जणांना परत पाठवलं त्याचा आकडा. काकूंच्या पंचांगावर तो आकडा आमच्या डोळ्यांदेखत ४०, ४७, ५२ असा वर सरकत होता. पान नुसतं उघडं होतं, काकूंनी बोटही लावलं नव्हतं. "एवढे जण माझी तिथी बघायला आले होते?" त्या म्हणाल्या.

त्याच पडद्यावर दातेरी चाकांचं चिन्ह आहे, ते डॅशबोर्ड उघडतं. त्यात 'फिल्टर लिस्ट्स', म्हणजे वह्यांचं कपाट. आधीच ज्यांवर खूण आहे त्या पुरेशा आहेत. मी दोनच वाढवतो. एक, 'कुकी नोटिसेस'वाली, म्हणजे दर साइटवर कुकी मान्य करा म्हणून येणारी पट्टी जाते. दुसरी, 'रीजन्स, लँग्वेजेस'खालची इंडियनलिस्ट, आपल्याकडच्या भाषांतल्या साइटींसाठी. मग 'अप्लाय चेंजेस'. एका पोराने उत्साहाने सगळ्याच वह्यांवर खुणा केल्या आणि फोन आणखी हळू झाला म्हणून परत आला. वॉचमनला पन्नास वह्या दिल्या तर तो दार उघडायच्या आधी पानंच उलटत बसणार.

फायरफॉक्सच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'एनहान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन' आहे. ते 'स्ट्रिक्ट'वर करा. नंतर कुठे काही अडलं तर परत 'स्टँडर्ड'.

शेवटचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं : फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, ब्राउजर, तिथे फायरफॉक्स निवडा. नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेली लिंक जुन्याच ब्राउजरमध्ये उघडेल आणि तुम्ही म्हणाल काही फरक पडला नाही. फेसबुक आणखी वेगळं, ते लिंक आपल्याच पोटात उघडतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये लिंक बाहेर उघडायचा पर्याय शोधून चालू करा.

वयस्कर माणसांना मात्र मी ब्रेव्ह हा ब्राउजर टाकून देतो. तो क्रोमच्याच पायावर बांधलेला आहे, दिसायलाही तसाच, आणि वॉचमन आतच बसवलेला. वेगळं काही टाकावं लागत नाही. पत्त्याच्या पट्टीजवळ सिंहाचं तोंड असतं, त्यावर बोट ठेवलं की किती अडवले ते दिसतं. पहिल्यांदा उघडल्यावर त्यातले रिवॉर्ड्स, वॉलेट वगैरे प्रकार बंद करतो आणि नव्या टॅबवरची प्रायोजित चित्रंही. या दोघांत मला फायरफॉक्स का आवडतो म्हणाल तर त्यात वह्या माझ्या हातात राहतात. पण सासूबाईंच्या फोनवर ब्रेव्हच आहे, आणि दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही हाक मारलेली नाही. एरवी त्या कशालाही मारतात.

सॅमसंगवाल्यांना बदलायचंच नसेल तर सॅमसंग इंटरनेटच्या मेन्यूत 'ॲड ब्लॉकर्स' आहे, तिथून एखादा घेता येतो. आयफोन आमच्याकडे जाहिरातींसाठी फारसे येत नाहीत, काच फुटून येतात. त्यांच्यासाठी थोडक्यात : आयफोनवरच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन्स चालत नाहीत, पण सफारीत २०१५ पासून कंटेंट ब्लॉकर चालतात. ॲप स्टोअरवरून यूब्लॉक ओरिजिन लाइट किंवा ॲडगार्ड घ्या, मग सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात सफारी, एक्स्टेन्शन्स, तिथे ते चालू करा. नुसतं डाउनलोड करून थांबू नका, चालू करावं लागतं. आणि 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'ट्रॅकिंग' आहे, तिथली ॲप्सना पाळतीची परवानगी मागू देण्याची सोय बंद करून टाका.

डीएनएस, आणि मी खाल्लेल्या शिव्या

"गेममधल्या जाहिराती?" हा प्रश्न येतोच. ब्राउजरचा वॉचमन ब्राउजरपुरता. गेम, बातम्यांचं ॲप, कॅलेंडर, यांच्या दारात तो नाही. त्यासाठी प्रायव्हेट डीएनएस, अँड्रॉइड ९ पासून म्हणजे २०१८ पासून फोनमध्येच असलेली सोय.

डीएनएस म्हणजे पत्ता सांगणारा. फोन विचारतो अमकी साइट कुठे राहते, तो नंबर सांगतो. जाहिरातवाल्याचा पत्ता विचारला की "इथे असं कोणी राहत नाही" म्हणून सांगणारा पत्तेवाला नेमायचा, एवढीच युक्ती. सेटिंग्ज, नेटवर्क (सॅमसंगमध्ये कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्ज), प्रायव्हेट डीएनएस. त्यात होस्टनेमचा पर्याय निवडून लहान इंग्रजी अक्षरांत लिहायचं : डीएनएस, टिंब, ॲडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. सेव्ह.

मी हे शिकलो तेव्हा इतका खूश झालो की आठवडाभर येईल त्याच्या फोनमध्ये घालून दिलं. सोमवारी एक बाई सकाळी साडेदहाला, शटर अर्धं वर असतानाच, आत. "भाई, तमे तो मारुं वायफाय बगाडी नाख्युं!" त्यांच्या ऑफिसात वायफायला जोडलं की आधी नाव-पासवर्डचं पान उघडतं. माझ्या पत्तेवाल्याशी बोलायला नेट लागतं, नेट मिळायला ते पान लागतं, आणि पान उघडायला पत्तेवाला लागतो. दिवसभर त्या बिनानेटच्या. तीन मिनिटांत 'ऑटोमॅटिक' करून दिलं, पण तोवर शेजारच्या चारही काउंटरवाल्यांनी माझा उद्धार ऐकला.

म्हणून डीएनएस शेवटी, आणि ज्याला परत 'ऑटोमॅटिक' करता येतं त्यालाच. रेल्वे स्टेशन, हॉटेल, हॉस्टेल, जिथे वायफायला लॉगिनचं पान येतं तिथे तेवढ्यापुरतं मागे घ्यायचं. आणखी दोन गोष्टी. हा पत्तेवाला तुम्ही कुठल्या कुठल्या साइटींचे पत्ते विचारता ते बघू शकतो. आधीही कोणीतरी बघतच होता, आता माणूस तुम्ही निवडलात, म्हणून नाव माहीत असलेला निवडा. आणि यूट्यूबच्या ॲपमधल्या जाहिराती याने जात नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात तिथे एकाच घरातून येतात. पत्ता नाकारला तर दोन्ही गेले.

ॲप्सची पाळत कमी करायला अँड्रॉइडमध्ये आणखी एक छोटं काम आहे : सेटिंग्ज, गूगल, ॲड्स, 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. हा आयडी म्हणजे जाहिरातवाले तुमचा फोन ज्यावरून ओळखतात तो नंबर. जाहिराती तेवढ्याच येतील, पण त्या तुमच्या नावाने नोंद झालेल्या नसतील.

अडलं तर

अडेल. महिन्यातून एकदोनदा नक्की. लाइटबिल भरताना पैसे द्यायचं पान कोरं येतं, परीक्षेच्या फॉर्मवर कॅप्चा दिसत नाही, तिकिटाच्या साइटवर बटण दाबलं जात नाही. सगळं काढून टाकू नका. यूब्लॉकचं ते मोठं पॉवरचं बटण दाबून त्या साइटपुरतं बंद करा आणि पान रीलोड करा. ब्रेव्हमध्ये सिंहावर बोट ठेवून तसंच. त्या साइटपुरती ही खूण लक्षात राहते, दर वेळी करावं लागत नाही. पैशाच्या मधोमध, बँकेचं पान फिरत असताना मात्र रीलोड मारू नका. आधी खात्यातून कटले का ते बघा.

काही साइटी "ॲडब्लॉकर बंद करा" म्हणून पडदा लावतात. माझा हिशोब सरळ आहे. दोनतीन लहान मराठी साइटी आहेत, एक रेसिपीची, एक जुन्या नाट्यगीतांबद्दल लिहिणारी. त्यांच्यासाठी मी वॉचमनला चहाला पाठवतो. आमच्या घरी दिवाळी अंक येतात, त्यात पानोपानी केसांच्या तेलाच्या, दागिन्यांच्या जाहिराती असतात, आणि आईला त्याही वाचायच्या असतात. पण अंक उलटा आईकडे बघत नाही, ती कुठल्या पानावर किती वेळ थांबली ते कुणाला कळवत नाही. जी साइट तेवढी सभ्यता पाळते तिला मी अडवत नाही. जी तीस जण घेऊन येते आणि वर मलाच दम देते, ती बंद करून मी दुसरीकडे वाचतो.

आणि हे फक्त सोयीपुरतं नाही. नवरात्र जवळ आलं की आमच्याकडे सगळे गरब्याचे पास ऑनलाइन शोधतात. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ते कित्येकदा स्पॉन्सर्ड असतं, आणि खऱ्या साइटसारखी हुबेहूब दिसणारी दुसरी साइट त्या जागी बसवणं कठीण नसतं. अमेरिकेच्या एफबीआयने २०२२ च्या डिसेंबरात याच कारणासाठी लोकांना शोधताना ॲडब्लॉकर वापरा असं जाहीर सांगितलं होतं. अशा साइटवर पैसे गेलेच तर विचार करत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवता यायची शक्यता जास्त.

दुसऱ्याचा फोन नीट करून देत असाल, आईचा, काकांचा, तर फोन हातातून काढून घेऊन भराभर करू नका. त्यांच्याच बोटाने करवून घ्या, वेळ लागू दे. मी काकूंच्या बाबतीत तेच केलं. अकराच्या अकरा साइटी त्यांनी स्वतः बंद केल्या, दर नावाला "हा कोण मेला?" म्हणत.

चौथ्या दिवशी काकू परत. या वेळी फोन रुमालात नव्हता.

"अरे, पंचांगाचं पान अर्धंच येतंय. वरचं सगळं कोरं."

बघितलं तर वर हातभर पांढरी जागा. जाहिरात गेली होती, तिची चौकट राहिली होती. कधी कधी होतं असं. यूब्लॉकमध्ये यासाठी दोन चिन्हं आहेत. विजेचं, त्याने दिसणारी गोष्ट तेवढ्यापुरती उडते. आणि ड्रॉपरचं, त्याने कायमची. ड्रॉपर घेतला, पांढऱ्या चौकटीवर बोट ठेवायला सांगितलं, ती लालसर झाली. "फक्त तेवढीच लाल झालीय ना ते नीट बघा, तिथीही लाल झाली असेल तर थांबा." काकूंनी बघितलं, मान हलवली, 'क्रिएट' दाबलं. जागा मिटली आणि पंचांग सरकन वर आलं.

काकूंनी फोन लांब धरला आणि चष्मा न लावता वाचून दाखवलं, "उद्या संकष्टी. चंद्रोदय नऊ चौदा." मग पिशवीतून स्टीलचा डबा काढून काउंटरवर ठेवला. आत नारळाच्या वड्या होत्या. मी पंखा लावला.